माऊलीच्या लुगड्यांचा साबण

सत्यवान बावीस वर्षं समुद्रावर होता, पण समुद्र त्याने धड पाहिला नव्हता. असं सांगितलं की माणसं हसतात. मीही हसलो होतो. पण तो होता प्रवासी बोटीच्या लाँड्रीत, आणि लाँड्री बोटीच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. वर लोक उन्हात लोळायचे आणि खाली सत्यवान त्यांचे टॉवेल धुवायचा. दिवस कधी उगवला, कुठलं बंदर आलं आणि गेलं, खाली काही कळत नसे.

"मशीनीच्या दाराक गोल काच आसता," तो सांगायचा, "तेच्यात फेस फिरता. बावीस वर्सां माझी नजर थंयच. तोच माझो समुद्र."

हे सांगताना त्याचे डोळे अर्धे मिटलेले असायचे. त्याची बायको हौसाबाई पलीकडे वाळल्या पानांचा पातेरा गोळा करत असली तर तिथूनच म्हणायची, "ह्ये अजून बोटीतसून उतरूक नाय."

मालवणहून खाडीच्या कडेकडेने आत आलं की आमची खाजणवाडी लागते. मला इथे सगळे दाजी म्हणतात. माझं रेशनचं दुकान आहे, आणि बाजूच्या फळीवर साबण, पावडरी, फिनेल असा फुटकळ माल. तेव्हा सत्यवानाच्या साबणाबद्दल मी जे चांगलं बोलेन ते स्वतःच्या धंद्याच्या मुळावर येऊन बोलतो आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आमच्या विहिरींचं पाणी मचूळ. बाजारची वडी निम्मी झिजवली तरी फेस येत नाही, नुसता पांढरा चिकटा कपड्यावर बसतो. बायका माझ्या नावाने बोटं मोडायच्या, जणू साबण मीच घरी करतो. निवृत्त होऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी सत्यवान दुकानात आला, फळीवरची एक वडी उचलून त्याने नाकाला लावली आणि परत ठेवली.

"दाजी, तुझी चूक नाय, पाण्याचीव नाय," तो म्हणाला. "खाऱ्या पाण्याक खोबरेलाचो साबू होयो. आमच्या लाँड्रीत एक म्हातारो होतो, तो सांगी. पयली खलाशांक दर्याच्या पाण्यान न्हावचा लागा, तेंका तोच साबू देत."

"मगे कर तू," मी म्हटलं. मी आपला गंमतीने म्हटलं होतं.

त्याने खरंच केला. घरामागे माडांच्या सावलीत त्याने मांडव घातला. सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, जाळून त्यांची राख करायची. बुडाला भोक पाडलेल्या मडक्यात खाली गवत, वर ती राख दाबून भरायची आणि वरून पाणी सोडायचं. मग दिवसभर खालच्या भांड्यात ते पाणी थेंबथेंब गळत राहतं, चहाच्या रंगाचं. त्याला तो खार म्हणायचा. तो खार पुरेसा कडक झाला की मोठ्या टोपात खोबरेलाबरोबर चुलीवर चढवायचा आणि दुपारभर ढवळत बसायचं. शेवटी त्यात मीठ टाकायचं. खोबरेल मिठाला सहज दाद देत नाही, ओंजळी ओंजळीने टाकावं लागतं. मग एका क्षणी साबण दह्यासारखा वर येतो आणि पाणी खाली राहतं. तो वरचा साबण काढून नारळाच्या करवंट्यांत दाबून भरायचा. ओला असतानाच सत्यवान प्रत्येक साबणावर आपला अंगठा दाबायचा. तीच त्याची निशाणी. मग चाळीस दिवस मुरायला ठेवायचा.

मी दुपारी दुकान बंद करून तिथे जाऊन बसायचो. काम काही नसायचं. खार गळतोय, माडाची सावली सरकतेय, खोबरेलाचा उबदार वास सुटलाय आणि सत्यवान मडक्याशेजारी पेंगतोय. पेंगता पेंगताच तो बोलायचा. एकदा म्हणाला, आत्ता स्वप्नात आपलं घर तरंगत होतं, मांडवासकट, आणि हौसा पायरीवर बसून पाय पाण्यात सोडून भांडी घासत होती. मला त्या गळण्याच्या आवाजाने इतकी गुंगी यायची की तो सांगतो ते स्वप्न त्याचं की माझं, हेही कधीकधी कळायचं नाही. संध्याकाळी दुकान उघडायला उशीर व्हायचा आणि बायको माझा उद्धार करायची.

तो साबण मात्र फेसायचा. मचूळ पाण्यात, अगदी भरतीच्या वेळी खाडीचं पाणी शिरलेल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यातसुद्धा. पुढे त्याने बिंबलांच्या आंबट रसाचं भांडी घासायचं पाणी केलं, रिठ्यांचं लादी पुसायचं केलं. माझ्या फळीवरच्या फिनेलवर धूळ साचली. मी त्याला शिव्या घालत त्याचाच साबण घरी नेऊ लागलो.

आता त्याच्या मनातली गोष्ट सांगतो.

आमच्या ग्रामदेवी माऊलीची लुगडी धुण्याचा मान सत्यवानाच्या घराण्याचा. दर मंगळवारी देवीचं वस्त्र बदलतं ते, अमावास्या-पौर्णिमेचं ते, आणि दसऱ्याआधी तरंगांची सगळी लुगडी. तरंग म्हणजे देवाचे उंच खांब. त्यांना लुगड्यांच्या निऱ्या घालून दसऱ्याला नाचवत नेतात. ही लुगडी धुवायची ती पुरुषाने, घराण्यातल्या कर्त्याने, आणि राखेच्या पाण्याने किंवा रिठ्याने. बाजारच्या साबणाला बंदी, कारण त्यात कसली चरबी असेल सांगता येत नाही. बाप वारल्यापासून, सत्यवान बोटीवर म्हणून, हे काम त्याचा धाकटा भाऊ लवू करत होता. लवूला दर दसऱ्याला नारळ आणि शेला मिळायचा. सत्यवान घरी आला तोपर्यंत लवूची सवय झाली होती, म्हणून त्याने मान मागितला नाही. गेल्या चैत्रात लवू वारला, आणि मान परत सत्यवानाकडे आला; पण घरात मयत झालेलं, म्हणून दसऱ्यापर्यंत धुणं बंद आणि लुगडी देवळात साठत होती.

सत्यवानाला नुसता मान नको होता. लहानपणी त्याने बापाला लुगडी धुताना पाहिलं होतं. खाडीच्या वाळूवर नऊ-नऊ वार पसरलेले असायचे, वारा आत शिरला की ती उठायची, आणि त्याला वाटायचं, माऊली कूस बदलतेय. मग तो बोटीवर गेला. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा बाप म्हणाला, "गोऱ्यांचे टॉवेल धुतंस ता बरा आसा. पण माऊलीचा लुगडा कधी धुतलंस?" एवढंच. पुढच्या खेपेला सत्यवान परत येईपर्यंत बाप गेला होता.

"तेका जवाब देवचो ऱ्हवलो, दाजी," त्याने मला एकदाच सांगितलं. "माका येता ता एकच, साबू करूचा. त्याच साबवान माऊलीची लुगडी एकदा धुवची आसत. बस."

त्याला हवं होतं ते एवढंच, आणि ते मिळवणं सोपं नव्हतं. गावकऱ्यांच्या मंडळात प्रीतम म्हणून एक तरुण होता, कणकवलीत मोठी नोकरी करणारा. त्याचं म्हणणं, कशाला हा सगळा उपद्व्याप, कणकवलीत लुगडी ड्रायक्लीनला देऊ, घडी घालून घरपोच येतील. आणि एकदा ती कणकवलीला गेली की परत व्हाळावर येणार नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून गणपती गेल्यावर देवळात बैठक भरली. सत्यवानाचा साबण माऊलीला चालेल की नाही याचा कौल लावायचा, आणि त्याआधी साबण मानकऱ्यांनी पारखायचा, असं ठरलं.

सत्यवान तांब्याच्या ताटात दहा साबण मांडून घेऊन आला. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. साबण हातोहात फिरले. सगळ्यांनी वास घेतला. राख नारळाची, तेल नारळाचं, मीठ दर्याचं. आक्षेप घ्यायला जागाच नव्हती. प्रीतमनेही वास घेऊन साबण पुढे दिला.

आणि मग माझी जीभ सुटली. मला गप्प बसवत नाही, हा माझा जन्माचा रोग. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी विचारलं, "काय रे सत्यवाना, खार कडक झालो की नाय ता तुका कशान कळता? चाखून बघतंस काय?"

सत्यवानाला खोटं बोलता येत नाही. तो हसून म्हणाला, "नाय रे. अंडा सोडतंय तेच्यात. अंडा तरंगला आणि वरसून पावलीएवढा दिसला, की झालो खार."

नाकाशी धरलेले साबण पटापट ताटात परत आले.

आता आमचा गाव बघा. माऊलीच्या दाराबाहेरच्या राखणदाराला वर्षाला कोंबडा लागतो, आणि तो सगळे हात धुऊन मिटक्या मारत खातात. पण आत माऊलीला अंड्याचा वाससुद्धा वर्ज्य. ज्या खारात अंडं बुडलं त्या खाराचा साबण, त्या साबणाने माऊलीची लुगडी? गुरवाने ताटातले साबण बोटाने एका बाजूला सारले. सत्यवानाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. बोटीवरचा म्हातारा असंच शिकवत होता. अंडं म्हणजे काही वावगं, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"दसऱ्याक सत्तावीस दिवस आसत," प्रीतम घड्याळ बघत म्हणाला. आणि मग बैठकीत बोलायची त्याची मराठी सुरू झाली. "साबण मुरायला चाळीस दिवस लागतात, असं हेच सांगतात. आपण वेळ वाया घालवू नये. मी उद्याच कणकवलीत चौकशी करतो."

गुरव म्हातारा, पण मनाचा चांगला. तो म्हणाला, नवा साबण करून दसऱ्याच्या पाच दिवस आधी आणला तर कौल लावू, नाही तर कणकवली. बैठक संपली. सत्यवानाने ताट उचललं. माझ्याकडे त्याने रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने पाहिलंच नाही.

मी चार दिवस त्याच्या मांडवाकडे फिरकलो नाही. पाचव्या दिवशी तोंड वर करून गेलो. मडकं गळत होतं, पण सत्यवान पेंगत नव्हता. त्याच्यापुढे खाराची तीन भांडी होती आणि शेजारी बटाटे, सुपाऱ्या, काजूच्या बिया यांचा ढीग. अंड्याच्या जागी दुसरं काहीतरी तरंगवायच्या खटपटीत तो होता. बटाटा एका भांड्यात बुडाला, दुसऱ्यात तरंगला. सुपारी सगळ्यांतच बुडाली. दोन घाणे चुलीवर चढून फुकट गेले होते. एकाचं तेल तसंच राहिलं होतं, एकाचा साबण इतका तिखट झाला होता की हात भाजावेत.

"माफ कर रे," मी म्हटलं.

"तू नुसता विचारलंस," तो म्हणाला. "सांगलंय मी."

इतक्यात हौसाबाई पाण्याची कळशी घेऊन आली. कळशी ठेवली, तीन भांड्यांकडे पाहिलं, आणि पहिल्यात दोन बोटं बुडवून ती एकमेकांवर चोळली. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात.

"ह्यो पाणचट," ती म्हणाली. "ह्यो लय कडक. ह्यो मदलो घेवा, पण तेका अजून एक उकळी होयी. आणि दुपारभर नको, दोन दिवस मंद आचेर शिजवा. मगे मुरुक चाळीस दिवस नको, पंधरा पुरत."

सत्यवानाने तिच्याकडे पाहिलं. "तुका कसा कळता?"

"कळता," ती म्हणाली आणि कळशी घेऊन निघून गेली.

तो घाणा साधला. मी डोळ्यांनी पाहिलं. मीठ पडल्यावर साबण असा वर आला की सत्यवान ढवळायचं विसरून नुसता बघत राहिला. करवंट्या भरल्या. तीस-बत्तीस असतील. अंगठा उमटवायची वेळ आली तेव्हा तो थांबला. "आज नको, फाल्यां बघूया, अजून ओले आसत," म्हणाला. मला ते तेव्हा विचित्र वाटलं नाही, कारण त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रेशनचा दिवस होता. आता ही एक जुनी गंमत सांगायची राहिली. माझ्या दुकानात सरकारी मशीन आहे. त्यावर अंगठा टेकवला की पावती निघते. सगळ्या वाडीत एकट्या हौसाबाईचा अंगठा ते मशीन ओळखत नाही. पुसून, तेल लावून, लिंबू चोळून, सगळं करून झालं. शेवटी मी मोबाईलवर आकडा मागवून तिला धान्य देतो. दर महिन्याला माझा ठरलेला विनोद असायचा, "काय हौसावयनी, आंगठो घराक ठेवन इलास?" ती हसायची, मी हसायचो, रांगेतले हसायचे.

त्या दिवशी सत्यवान तिच्याबरोबर आला होता, पहिल्यांदाच. मशीनने नकार दिला. मी विनोद केला. सगळे हसले. सत्यवान हसला नाही. त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला आणि दारातल्या उजेडात नेला.

"आमच्या लाँड्रीतल्या म्हाताऱ्याची बोटां अशी होती," तो हळू म्हणाला. "तीस वर्सां खारात हात घातलेल्याची. रेषा नाय एक." मग तिच्याकडे बघून, "हौसा, किती वर्सां?"

हौसाबाईने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. दुकानात आम्ही सहा-सात जण होतो, त्यातल्या बायका जमिनीकडे बघू लागल्या. तेव्हा मला कळलं की हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुमी गेलास तेच्या दुसऱ्या वर्सापासून," ती शेवटी म्हणाली. "भावजींच्या अंगाक खार सोसा नाय. हातभर फोड येयत. ते गाठोडा घेवन व्हाळार येत आणि फातरार बसत. धुवचा काम माझा. दर मंगळवार. दसऱ्याचीव."

"आणि सांगूक नाय तू कोणाक?"

"काय सांगू? बाईन धुवचा नाय म्हणतत. मान तुमचो होतो. तुमी येयसर कोणीतरी सांभाळूक नको?"

पिशवी तशीच टाकून सत्यवान घरी गेला. मी तांदूळ मापत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. दर महिन्याला मी त्या अंगठ्यावर हसलो होतो. बावीस वर्षं लवूला शेला देताना टाळ्या वाजवल्या होत्या, त्यात माझ्याही होत्या.

पुढचं मला सत्यवानाने नंतर सांगितलं. घरी जाऊन त्याने करवंट्या ओळीने मांडल्या. साबण अजून थोडा ओला होता. हौसाबाई आली तेव्हा तो म्हणाला, "आंगठो उमटव." ती नको नको म्हणाली. त्याने तिचा हात धरून पहिला उमटवला, मग तिने बाकीचे आपणच उमटवले.

पंधराव्या दिवशी, दसऱ्याला पाच दिवस उरले असताना, आम्ही कौलासाठी जमलो. सत्यवान ताट घेऊन आला, आणि त्याच्यामागे हौसाबाई. ती सभामंडपाच्या कडेला खांबाजवळ उभी राहिली. गुरवाने साबण पाहिले. "अंडा?" त्याने विचारलं. "नाय," सत्यवान म्हणाला. "मगे खार कोणी बघितल्यान?" "हिणा. बोटांन."

गुरवाने माऊलीच्या पाषाणावर पाण्याने दोन बाजूंना दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि तो गाऱ्हाणं घालायला उभा राहणार, इतक्यात सत्यवानाने हात जोडले.

"गाऱ्हाण्यात माझा नाव घालू नको," तो म्हणाला. "साबू माझो, हात हिचे. बावीस वर्सां माऊलीची लुगडी हिणाच धुतल्यान. कौल लावचो तर हिच्या नावान लाव. नायतर लावच नको."

ज्यासाठी तो इतकी वर्षं थांबला होता, बापाला द्यायचं ते उत्तर, ते त्याने सगळ्यांसमोर ताटासारखं खाली ठेवलं होतं. मंडपात एकच गलका झाला. बावीस वर्षं बाईने? मग तरंग विटाळले म्हणायचे? प्रीतम उठून म्हणाला, "नियम म्हणजे नियम." एक म्हातारा म्हणाला, विटाळले असते तर बावीस वर्षांत काही झालं नसतं का? दुसरा म्हणाला, झालंच की, पूर आला नव्हता का? गुरव डोळे मिटून उभा होता. मग त्याने कोणालाच काही न विचारता गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा माऊली, बारा गावच्या बाराचाऱ्याचे आई..."

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने म्हणाले. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला गावाने होकार भरायचा असतो. त्याशिवाय गाऱ्हाणं पुढे जात नाही.

"तुझ्या लेकराक आज एक प्रश्न पडलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज बावीस वर्सां ह्या हौसाबायन तुझी सेवा लपान केल्यान. ती आता उघड करून घे, आणि तिच्या हातातलो ह्यो साबू तुझो म्हण..."

आणि कोणी काहीच म्हणालं नाही. एवढा मंडप भरलेला, पण एक आवाज नाही. गुरव थांबला. होकाराशिवाय त्याला पुढचा शब्द उच्चारता येत नव्हता. हौसाबाई खांबाला टेकून उभी होती आणि तिने दोन्ही हात पदराखाली लपवले होते. ते हात लपलेले पाहिले आणि माझ्याने राहवलं नाही. माझी जीभ आयुष्यात एकदा तरी बऱ्या कामाला आली.

"व्हय म्हाराजा!" मी ओरडलो. एकटाच. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

मागून कुठूनतरी एका बाईचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." गाऱ्हाण्यात बायका होकार भरत नाहीत आमच्याकडे. मग दुसरी. मग म्हातारे, मग सगळे. प्रीतमचे ओठ हलले की नाही ते मी बघितलं नाही. गुरवाने गाऱ्हाणं पुरं केलं आणि आम्ही पाषाणाकडे बघत बसलो.

बराच वेळ दोन्ही पाकळ्या जागच्या जागी होत्या. समईची वात हलत नव्हती. वरचा पंखा बंद होता, तो मी स्वतः बंद केला होता, उगाच कोणी शंका काढू नये म्हणून. मग उजवीकडची पाकळी जराशी सरकली, थांबली आणि अलगद खाली आली.

लुगडी दसऱ्याच्या तीन दिवस आधी धुतली. अर्धा गाव व्हाळावर आला होता, आणि सारखी वर्दळ असूनही सगळीकडे शांत वाटत होतं. सत्यवान गाठोडं खांद्यावर घेऊन आला आणि लवू ज्या दगडावर बसायचा त्या दगडावर बसला. हौसाबाई पाण्यात उतरली. भरतीचं खारं पाणी व्हाळात शिरलं होतं. तिने पहिलं लुगडं भिजवलं, त्यावर साबण फिरवला, आणि फेस आला. पांढरा, दाट, भरपूर. तो तिच्या पायांभोवतून वाहत खाडीकडे निघाला, आणि खाडीच्या हिरव्या पाण्यावर हळूहळू पसरत गेला. हिरवी, लाल, जांभळी लुगडी पलीकडच्या वाळूवर एकामागून एक अंथरली गेली. वारा आत शिरला आणि ती थोडी उठली. सत्यवान थोडा वेळ बघत बसला, मग पंचा आवळून तोही पाण्यात उतरला आणि पिळायला दुसरं टोक धरलं.

"उतरलास एकदाचे बोटीतसून?" हौसाबाई म्हणाली.

"समुद्र बघतंय," तो म्हणाला. "गप ऱ्हव जरा."

दसरा झाला. तरंग निघाले. शेला कोणाच्या खांद्यावर घालायचा यावरून मंडळात थोडी खळखळ झाली, शेवटी गुरवाने तो हौसाबाईच्या हातात दिला. खांद्यावर नाही, हातात. आमच्या गावाच्या मानाने तेही खूप झालं.

त्या घाण्यातला एक साबण मी मागून घेतला. तो विकायचा नाही. माझ्या दुकानात त्या सरकारी मशीनशेजारी ठेवला आहे. वरच्या बाजूला अंगठ्याचा खळगा आहे, आतून गुळगुळीत, एकही रेषा नाही.

परवा रेशनचा दिवस होता. हौसाबाई आली, अंगठा टेकवला. मशीनने नेहमीप्रमाणे नाही म्हटलं. रांगेतले माझ्या तोंडाकडे बघू लागले, आता दाजी काय बोलतो म्हणून. मी साबण उचलून तिच्यापुढे धरला. तिला आधी कळलं नाही. मग तिने हळूच खळग्यात अंगठा ठेवला. साबण सुकून थोडा आकसला होता, त्यामुळे जरा घट्ट गेला, पण बसला.

"जुळलो," मी म्हटलं, आणि तांदूळ मापायला घेतले.